सुंता केली नाही तर मुलगा मुसलमान राहतो का?

जोडप्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सरळ क्वचितच येतो. आधी येतं ते भांडण. सासूचं बोलणं, माहेरचे टोमणे, नवऱ्याचा अबोला, आणि बऱ्याच वेळाने त्याखालून हा प्रश्न निघतो. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: राहतो. सुंता सक्तीची मानणारे आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकारसुद्धा, ती झालेली नाही एवढ्यावरून कुणाला इस्लामबाहेर काढत नाहीत. माणूस मुसलमान होतो तो कलम्याने, म्हणजे श्रद्धेची साक्ष देऊन. सुंतेबद्दलचे मतभेद त्याच्या पुढचे, आणि ते शेकडो वर्षं जुने आहेत.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका जोडप्याची गोष्ट सांगते. ती शाफई घरातली, तो हनफी; हे सुन्नी मुसलमानांमधले धर्मशास्त्राचे दोन पंथ. मुलगा चार वर्षांचा. तिच्या भावांची सुंता तान्हेपणीच झालेली, त्याची स्वतःची शाळेत जायला लागल्यावर. दोन्ही घरांच्या रीती वेगळ्या, त्यामुळे 'बघू पुढे' असं म्हणत चार वर्षं गेली. मग एक दिवस नवरा म्हणाला, "मोठा झाला की त्याचं तो ठरवेल." तिच्या वडिलांनी जावयाशी बोलणंच टाकलं.

माझ्यासमोर बसल्यावर त्याने फोन काढला. त्यात सगळं जमवून ठेवलेलं होतं. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. माणसाला उत्तम घडणीत निर्माण केल्याचं कुराणाच्या 'तीन' नावाच्या अध्यायात म्हटलंय, मग त्यात कापाकापी कशाला? शिवाय जर्मनीतला 2012 चा खटला. कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक कारणासाठी मुलाची सुंता करणं म्हणजे शारीरिक इजा असं म्हटलं होतं, आणि त्या खटल्यातला मुलगाही चारच वर्षांचा होता. (त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून आई-वडिलांच्या संमतीने सुंतेला परवानगी दिली, हे मात्र त्याच्या फोनमध्ये नव्हतं.) तिच्याकडे भावाने पाठवलेला साठ टक्क्यांचा आकडा होता: सुंतेमुळे एचआयव्हीचा धोका तेवढा कमी होतो. आणि या सगळ्याच्या खाली एक साधी भीती. "याची नमाज कबूल होईल ना हो?"

"मॅडम, तुम्हीच सांगा, बरोबर कोण?" असं त्याने विचारलं. फतवा देणं माझं काम नाही आणि मी ते करत नाही. पण कोण काय म्हणतं हे मला माहीत असावं लागतं, कारण घराघरातली निम्मी भीती अर्धवट ऐकलेल्या गोष्टींवर पोसलेली असते.

कुराणात सुंतेचा स्पष्ट उल्लेख नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. फक्त कुराण प्रमाण मानणारे काही मुसलमान त्यामुळेच ती बंधनकारक धरत नाहीत. पण बहुसंख्य मुसलमान हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी, याही मानतात. हदीसमध्ये नखं कापणं, मिशा कातरणं अशा पाच गोष्टी माणसाच्या मूळ स्वभावधर्मातल्या, फितरतमधल्या, म्हणून सांगितल्या आहेत आणि त्यांत सुंता आहे. इब्राहिम पैगंबरांनी ऐंशीव्या वर्षी स्वतःची सुंता केल्याचंही हदीसमध्ये येतं, आणि कुराण इब्राहिमच्या मार्गाने चालायला सांगतं. शाफई आणि हंबली पंथांचे आलिम यावरून तिला वाजिब, म्हणजे सक्तीची, म्हणतात. हनफी आणि मालिकी मतात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पाळावी अशी रीत, आहे, अर्थात सहज सोडून द्यावी अशी नव्हे. शियांच्या जाफरी मतातही ती आवश्यक आहे, इतकी की पुरुषाच्या हजमधल्या तवाफसाठी (काबाच्या प्रदक्षिणेसाठी) ती अट मानली जाते. वयाबद्दल तर आणखीच वेगळं. शाफई मतात सातवा दिवस पसंतीचा, इमाम मालिकना तोच दिवस नापसंत, आणि अबू हनीफांनी ठराविक वय सांगितलंच नाही.

या जोडप्याच्या कामी आली ती एक गोष्ट, जी तिच्या माहेरी कुणीच कधी बोललं नव्हतं. शाफई आलिमांमधले मोठे नाव, इमाम नववी, लिहितात की सुंता वाजिब होते ती वयात आल्यावर. लहानपणी करून घेणं पालकांसाठी चांगलं, पण सक्ती तेव्हापासूनची नाही. म्हणजे तिच्याच मजहबप्रमाणे, तिच्या शाफई पंथाप्रमाणे, चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कसलंही ओझं नव्हतं, नमाजचंही नाही. हे मी तिला माझ्या तोंडून पटवलं नाही. त्यांच्या ओळखीच्या मौलानांकडे दोघांनी मिळून जावं असं सुचवलं. एकेकटं गेलं की प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच ऐकून येतो.

मौलानांनी त्यांना एक जुना प्रसंगही सांगितला. उमर बिन अब्दुल अझीझ खलिफा असताना, म्हणजे 717 ते 720 या काळात, खुरासानच्या सुभेदाराला शंका आली की लोक जिझिया चुकवायला मुसलमान होताहेत, तेव्हा त्यांची सुंतेवरून परीक्षा घ्यावी. खलिफांनी उलट कळवलं की अल्लाहने मुहम्मदांना लोकांना धर्माकडे बोलवायला पाठवलं होतं, सुंता करायला नाही. जुने इतिहासकार तबरी यांच्या ग्रंथात हे आलं आहे. मोठेपणी इस्लाम स्वीकारून याच काळजीने झोप उडालेले तरुण माझ्याकडे येतात, त्यांनाही मी आलिमांकडे जाऊन विचारायला सांगते. जिवाला धोका असेल तर सक्ती उरत नाही, हे तर सुंता वाजिब मानणारेही सांगतात.

आता नवऱ्याबद्दल. कुराणातल्या आयतींवर, म्हणजे वचनांवर, तावातावाने वाद घालणाऱ्या पुरुषांना मी एक प्रश्न हमखास विचारते: तुमची झाली तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? तो गप्प झाला. मग म्हणाला, सात. कपडे घ्यायला जायचंय असं सांगून नेलं होतं. खोलीत गेल्यावर दार लागलं, मामांनी हात धरले. दुखलं किती ते त्याला आता आठवत नव्हतं. बाहेर सगळे हसत होते, मिठाई वाटत होते, आणि आई त्यांच्यात होती, हे मात्र स्पष्ट आठवत होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोने हे पहिल्यांदा ऐकलं. तोवर तिला वाटत होतं की नवरा धर्मापासून लांब चाललाय.

त्याचा विरोध सुंतेला कमी आणि फसवणुकीला जास्त होता. हे त्याला उमगल्यावर फोनमधल्या आयती पुन्हा निघाल्या नाहीत. सगळ्यांचं असंच असतं असं मी म्हणणार नाही. मुलगा मोठा होऊन ठरवेल, असं पूर्ण विचारांती ठरवलेले मुसलमान आई-बापही मला भेटले आहेत, आणि त्यांच्या त्या म्हणण्यामागे मी जखमा शोधत बसत नाही.

वैद्यकीय बाजू थोडक्यात. साठ टक्क्यांचा आकडा आफ्रिकेतल्या प्रौढ पुरुषांवरच्या चाचण्यांचा आहे. त्यावरून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली ती एचआयव्हीचं प्रमाण खूप जास्त असलेल्या देशांसाठी. चार वर्षांच्या मुलाची घाई करायला तो पुरावा नव्हे. पण बालशल्यचिकित्सकाला आधी दाखवणं मी आवश्यक मानते. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर पुढची त्वचा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेसाठी लागते, ती आधीच कापून चालत नाही. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तेही आधी सांगायलाच हवं.

दोघांचं ठरलं ते असं: करायची, वयात येण्याच्या बऱ्याच आधी, रुग्णालयात, भूल देऊन, आणि मुलाला खरं सांगून. तिच्या वडिलांना हा विलंब अजून मान्य नाही. मीही त्यांना समजावायला गेले नाही, ते माझ्याकडे आले नव्हते.

खरं सांगायचं म्हणजे कसं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. लहान मुलाचा होकार हा काही पूर्ण होकार नसतो, तसा आव आणू नये. पण काय कापणार, झोपेचं औषध देणार, उठल्यावर काही दिवस दुखणार, लघवी करताना झोंबणार, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं. आदल्या दिवशी सांगितलं तर विचारायला वेळ राहत नाही, महिनाभर आधी सांगितलं तर धास्ती घेतो, म्हणून आठवडाभर आधी. "रडलास तरी चालेल" हेही सांगायचं, आणि "आता तू मर्द झालास" हे कुणालाही म्हणू द्यायचं नाही. भूल चढेपर्यंत कोण जवळ राहणार ते आधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं. इथे नवरा म्हणाला, "मीच राहणार," आणि बायकोने मान डोलावली.