एकाच गोष्टीला दोन नावं

नेरूळ, रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी कोळणीची पाटी लाथेनं उडवतो, तिथंच माझा विश्वास उडाला. लाथ मारणारी माणसं नसतात असं नाही. पण असा माणूस वाचकाच्या सोयीचा असतो; ‘मी काही असा नाही’ म्हणून वाचक मोकळा होतो. पाम बीचकडच्या सोसायटीतला सेक्रेटरी हसून म्हणेल, “मावशी, माझं काही नाही हो, मीही खातो. पण लिफ्टमध्ये वास राहतो, मेंबर तक्रार करतात.” उन्हात बसलीये म्हणून तिला पाण्याची बाटलीही देईल. बाटली मात्र परत घेणार नाही.

माझ्या घरचंच सांगतो. आम्ही घाटावरचे. वडील मार्केटला माथाडी, बिऱ्हाड कोपरखैरण्यात. तिथल्या मूळ गावातल्या एक आगरी काकू आईला म्हावरं आणून द्यायच्या. आई बोटं चाटून खायची आणि आम्हाला बजावायची, “त्यांच्याकडं उगाच बसू नका, दारू असते तिथं.” वडील तर रोज संध्याकाळी झुलत यायचे. पण ती दारू नव्हे, ती ‘दमणूक’. आगऱ्यांच्या हळदीतला डीजे म्हणजे धिंगाणा, आमच्या गणपतीतला म्हणजे उत्साह. पात्राच्या तोंडी शिवी घालण्याआधी त्याचा असा शब्दकोश तयार कर. आपल्या मनात कुणाबद्दल अढी आहे, असं आईला शेवटपर्यंत वाटलं नाही. काकू आजारी पडल्या तेव्हा रात्रभर उशाशी हीच बसली होती, आणि घरी येऊन साडी बदलून अंघोळही हिनंच केली. मी ते अजून लिहू शकलेलो नाही.

तुझा सेक्रेटरी म्हणतो, “यांना काय, साडेबारा टक्के मिळालेत.” हे वाक्य अस्सल आहे, ठेव. मात्र त्याला जे माहीत नाही ते तुला माहीत हवं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात मोबदल्याचं आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायचा, हे त्यानंतरचं. याचं भाषण कथेत घुसडू नकोस (तुझी खोड मला ठाऊक आहे). मावशी त्या टॉवरला त्याच्या इंग्रजी नावानं ओळखत नाही, तिथल्या जुन्या शेताच्या नावानं ओळखते, एवढंच येऊ दे.

आणि तिला देव्हाऱ्यात बसवू नकोस. घाटी गिऱ्हाइकाच्या पिशवीत ती खुशाल कालची मासळी टाकते. यांना म्हावऱ्यातलं काय कळतंय! टाकू दे. पण म्हणून ‘दोन्हीकडे सारखंच’ असं दाखवून हात झटकायचे नाहीत. तिच्या अढीपायी गिऱ्हाइकाचे पन्नास रुपये जातात, सेक्रेटरीच्या अढीपायी तिचा धंदा.

पुढचा खर्डा पाठव. पाटीत तू नुसतं ‘मासे’ लिहिलं आहेस. बोंबील होते, मांदेली की निवट्या? दिवाळे गावच्या मासळीबाजारात जाऊन बघून ये. सकाळी लवकर जा.