दुसरा प्रश्न कुठे आहे?

प्रिय पोरी,

तुझी मेल दोनदा वाचली. ब्रिटनमधल्या खासदारबाईंच्या ऑफिसात लागून तुला अजून वर्षही झालं नाही आणि तू लिहितेस की मंत्र्यांना पाठवायचे लेखी प्रश्न म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे. उत्तरं ठोकळेबाज येतात, संसदेच्या संकेतस्थळावर टाकली जातात, कुणी वाचत नाही. त्यापेक्षा बाईंना एक घणाघाती भाषण लिहून द्यावं आणि नोकरी सोडून पीएचडीला बसावं, असं तुझ्या मनात आहे. पीएचडीचं तुझं तू ठरव. भाषणाबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही.

तू पाठवलेली प्रश्नोत्तरांची फाइल पाहिली. आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांवर प्रश्न आहेत, त्या भागातल्या दवाखान्यांवर आहेत, अर्जाचा निकाल न लागल्यामुळे विद्यापीठाच्या दाराशी थांबलेल्या मुलांवर आहेत. विषय नेमके निवडलेस. पण प्रत्येक विषयावर एकच प्रश्न. ‘ही माहिती मध्यवर्ती पातळीवर ठेवली जात नाही’ असं मंत्र्यांनी कळवलं, की तू मुकाट्यानं पुढच्या विषयाकडे वळलीस. दुसरा प्रश्न कुठे आहे?

पहिला प्रश्न कुणीही विचारतं. त्याची उत्तरं द्यायला खात्यात माणसं बसलेली असतात आणि त्यांच्याकडे वाक्यं तयार असतात. दुसऱ्या प्रश्नाला तयार वाक्य नसतं. आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्नापेक्षा मंत्री उपप्रश्नाला घाबरतात ते यासाठीच, आणि लोकसभेत मधू लिमयांसारखा माणूस नियमांचा इतका बारीक अभ्यास करायचा तोही यासाठीच.

२३ नोव्हेंबर २०२२ ची संसदेच्या गृह व्यवहार समितीची बैठक बघ, चित्रफीत सहज मिळेल. समोर तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन, विचारणारे टिम लॉटन, दोघंही हुजूर पक्षाचे. लॉटननी विचारलं, समजा मी सोळा वर्षांचा अनाथ मुलगा आहे, आफ्रिकेतल्या एका देशातून युद्ध आणि धार्मिक छळापासून पळतोय, माझं भावंड ब्रिटनमध्ये कायदेशीर राहतं. मला इथे येण्याचा सुरक्षित आणि कायदेशीर मार्ग कोणता? मंत्री म्हणाल्या, इथे पोहोचलास तर आश्रयासाठी अर्ज करता येईल. बहुतेकांनी इथे वही मिटली असती. लॉटननी दुसरा प्रश्न टाकला: विमानात बसायची परवानगीच नसेल तर पोहोचायचं कसं? त्यावर मंत्र्यांकडे उत्तर नव्हतं, बोलायची वेळ शेजारी बसलेल्या सचिवांवर आली. सगळ्या देशाला जे कळायचं ते त्या दुसऱ्या प्रश्नानं कळलं. लॉटनची इतर मतं मला पटत नाहीत, पण तो प्रश्न मी वर्षभर सगळ्यांना दाखवत होते.

पुढच्या वर्षीचं उदाहरण तर तुझ्या कामाच्या आणखी जवळचं. आश्रयाच्या जुन्या अर्जांचा ढीग झपाट्यानं कमी होतोय असं सरकार सांगत होतं. कमी होतोय म्हणजे कसा, हे खोदल्यावर दिसलं की सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या वर्षात १७,३१६ अर्ज ‘मागे घेतलेले’ म्हणून मोजले गेले होते. मग समितीनं अधिकाऱ्यांना विचारलं, ही माणसं आता कुठे आहेत? सगळ्यांचा पत्ता त्यांना सांगता आला नाही. ढीग कमी होतोय हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते खोटंही नव्हतं. माणसं दिसली ती पुढच्या प्रश्नांमधून.

आता तुझ्या मसुद्याकडे येते. ‘शासनाच्या अमानुष धोरणामुळे किती तरुणांचं उच्च शिक्षण उद्ध्वस्त झालं याची मंत्र्यांना जाणीव आहे काय?’ टेबल ऑफिसनं, म्हणजे प्रश्न नियमात बसतात का ते तपासणाऱ्या संसदेच्या कार्यालयानं, हा परत पाठवला आणि तू त्यांच्यावर चिडलीस. त्यांचं बरोबर आहे. प्रश्नात युक्तिवाद चालत नाही, हा नियम काही तुला गप्प करायला केलेला नाही. ‘अमानुष’ शब्द घातलास की मंत्र्याला त्या शब्दाला उत्तर देता येतं: ‘आमचं धोरण न्याय्य आणि खंबीर आहे.’ संपलं. विशेषण म्हणजे मंत्र्याला आयती मिळालेली पळवाट.

असं विचार: अमुक तारखेला आश्रय-साहाय्यावर असलेल्या १८ ते २४ वयोगटातल्या किती अर्जदारांना पहिल्या निर्णयासाठी बारा महिन्यांहून जास्त काळ झाला, स्थानिक परिषदेनुसार आकडे द्या. ‘खर्च प्रमाणाबाहेर जाईल’ असं उत्तर आलं तर ते अंतिम समजू नकोस. उत्तर शोधायला ८५० पौंडांहून जास्त खर्च येणार असेल तरच ती सबब चालते. म्हणून वर्ष काढून तिमाही घाल, देश काढून एकच भाग घाल, आणि पुन्हा टाक. ‘माहिती ठेवली जात नाही’ म्हणाले तर विचार की अर्जात जन्मतारीख नोंदवता का, अर्जाची तारीख नोंदवता का, आणि या दोन्हींवरून आकडा काढायला अडचण काय. ‘यथावकाश प्रसिद्ध करू’ म्हणाले तर तारखेचा प्रश्न टाक, ज्यात उत्तराचा दिवस आपण ठरवतो. दिवसाला तसे पाच टाकता येतात. प्रत्येक वेळी आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख देऊन, ‘त्या उत्तराच्या अनुषंगाने’ अशी सुरुवात कर. म्हणजे खात्यातल्या ज्या माणसानं ते पहिलं वाक्य लिहिलं, त्याच्याच टेबलावर ते परत जाईल. हे कंटाळवाणं आहे हे मला ठाऊक आहे. तू काहीतरी रोमहर्षक काम करायला तिथे गेलीस, असं तुला कुणी सांगितलं होतं का?

या आकड्यामागे काय आहे हे तुला समजावून सांगायची गरज नाही. तरी एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. शुक्रवारी आमच्या खासदारांच्या मतदारसंघातल्या भेटीच्या वेळेत यायचा. पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये विद्यापीठाचं प्रवेशपत्र, वरच्या कोपऱ्याला स्टेपलरनं लावलेला फीचा कागद. अर्जाचा निकाल नाही म्हणून फी परदेशी विद्यार्थ्याची, आणि विद्यार्थी कर्ज मिळायचं नाही. काम करायला बंदी. बारा महिने उलटल्यावर परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. २०२४ मध्ये या माणसांना आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत होते, आणि जेवण देणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला त्याहून कितीतरी कमी. काही विद्यापीठं अशा मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवतात, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आम्ही पहिला प्रश्न टाकला, नेहमीचं उत्तर आलं. दुसरा टाकला, तिसरा टाकला. नीट उत्तर आलं तोवर प्रवेशाची मुदत संपली होती आणि त्याला दुसऱ्या शहरात हलवलं होतं. तो पुन्हा दिसला नाही. याची खंत मला आहे आणि ती जाणार नाही. पण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून नंतर आलेल्या दोन मुलींच्या फायली हलल्या, हेही मी विसरत नाही.

आपल्या लोकांचं तू लिहिलंस. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, ‘आपण फी भरून, रांगेतून आलो; बोटीतून आलेल्यांची वकिली तू का करतेस?’ उत्तर सुचलं नाही म्हणून तू कासावीस झालीस. अगं, २०२४ मध्ये १,०८,१३८ लोकांनी आश्रय मागितला, त्यातले सुमारे १६,००० आधी विद्यार्थी व्हिसावर आलेले होते. त्यांतले किती खरे, किती खोटे, हे ठरवायला सरकारनं वेळेत निर्णय द्यायला हवेत, आणि आपण विचारतोय तेच. रांगेतून आलेल्यांनाही तेच हवं असायला हवं. यावर मी यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही.

दवाखान्याची तक्रार मात्र मनावर घे. हॉटेलाजवळ राहणारी म्हातारी माणसं म्हणतात की डॉक्टरची वेळ मिळत नाही, आणि तू त्यांना द्वेष पसरवणाऱ्यांत ढकलून मोकळी झालीस. हे मला अजिबात आवडलं नाही. आश्रय मागणाऱ्यांच्या निवासाचे कंत्राट दहा वर्षांचे, २०१९ पासूनचे. खर्चाचा मूळ अंदाज साडेचार अब्ज पौंड होता, मे २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी तो १५.३ अब्जांवर गेल्याचं सांगितलं. त्यातला किती पैसा त्या म्हाताऱ्या बाईच्या दवाखान्यापर्यंत पोहोचला, हा दुसरा प्रश्न आहे आणि तो तिच्या वतीनंही विचारायचा आहे. हॉटेलातल्या बाळंतिणीच्या वतीनं विचारतेस, तसाच.

तुला वाटतं एकट्या खासदारानं काय होतं. जानेवारी २०२३ मध्ये कॅरोलाइन ल्यूकस हरित पक्षाच्या सभागृहातल्या एकुलत्या एक खासदार होत्या. त्यांच्या तातडीच्या प्रश्नावर मंत्र्यांना उभं राहून सांगावं लागलं की हॉटेलांत ठेवलेल्या, सोबत कुणी मोठं माणूस नसलेल्या मुलांपैकी २०० मुलं बेपत्ता आहेत. त्याच जुलैत उच्च न्यायालयानं मुलांना असं सर्रास हॉटेलात ठेवणं बेकायदा ठरवलं.

आणि एलिनॉर रॅथबोन. तू उच्च शिक्षणाचं काम करतेस आणि तिच्याबद्दल वाचलं नाहीस याचं मला नवल वाटतं. इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडून दिलेली अपक्ष खासदार, १९२९ पासून १९४६ मध्ये मरेपर्यंत. तेव्हा विद्यापीठांचे मतदारसंघ असत. १९४० मध्ये सरकारनं हजारो जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना ‘शत्रूचे नागरिक’ म्हणून छावण्यांत डांबलं. त्यात हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित होते, प्राध्यापक होते, विद्यार्थी होते. रॅथबोन लिव्हरपूलजवळच्या हायटनच्या छावणीत जाऊन आली आणि मग प्रश्नांवर प्रश्न: औषधं का नाहीत, पत्रं का पोहोचत नाहीत, अमुक माणसाची सुटका का अडली. युद्ध चालू असताना, देश घाबरलेला असताना. मुलांसाठी सरकारनं द्यायच्या कुटुंबभत्त्यासाठी तर ती पंचवीस वर्षांहून जास्त काळ झगडली, आणि १९४५ मध्ये कायदा येत होता तेव्हा पैसे बापाच्या हातात जाणार हे पाहून पुन्हा उभी राहिली, ते आईच्या हातात जायला लावले. भारतातल्या बायकांबद्दल ती जे बोलली ते आपल्या बायकांना खटकलं होतं, मलाही खटकतं. पण चिकाटी तिच्याकडून घे.

माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी काही जण पुढे स्वतः निवडून आले, काही मोठ्या संस्थांत गेले. मी फायलींतच राहिले. ‘तू कागदावर आयुष्य काढलंस,’ असं मला जवळच्या माणसांनीही ऐकवलं आहे. मी तेव्हाही ऐकून घेतलं नाही, आताही घेणार नाही. भाषणं मीही लिहिली. त्यांतलं एकही वाक्य कुठल्या वकिलानं कोर्टात पुढे केलं नाही. उत्तरं मात्र केली, कारण उत्तर मंत्र्याच्या नावावर असतं आणि ते नंतर नाकारता येत नाही.

तर आता हे कर. फाइलमधली ‘माहिती ठेवली जात नाही’ वाली उत्तरं बाजूला काढ. प्रत्येकाखाली दुसरा प्रश्न लिही, एका वाक्यात, एकही विशेषण न घालता. बाईंना दाखवण्याआधी सोमवारी संध्याकाळपर्यंत मला पाठव. रात्री बसून तपासते. मंगळवारी सकाळी ते टेबल ऑफिसात गेले पाहिजेत, कारण पुढच्या आठवड्यात सभागृहाला सुट्टी लागते आणि खातं त्याचीच वाट पाहत असतं.

तुझी,
ताई