महाधमनी फाटलीय, तरी डॉक्टर दोन दिवस थांबायला का सांगतायत?

तुम्ही लिहिलंय की कणकवलीजवळ मामांचा टेम्पो डंपरवर आदळला आणि स्टेअरिंग छातीत बसलं. बाहेरून साधं खरचटलेलंसुद्धा नाही. आता ते गोव्याला ॲडमिट आहेत. सीटीत महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, इजा दिसली, प्लीहेतूनही (पोटात डावीकडे असते ती पाणथरी) थोडा रक्तस्राव आहे, आणि डॉक्टर बीपी उतरवायचं औषध लावून 'स्टेंट (धमनीत आतून बसवायची जाळीची नळी) परवा टाकू' म्हणतात. हा हलगर्जीपणा आहे का, मामांना मुंबईला हलवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोकणातच सर्जन आहे. हायवेवरचे अपघात आणि आंब्याच्या झाडावरून पडलेली माणसं हे आमचं नेहमीचं काम. तुम्ही सांगताय त्यावरून तरी हा हलगर्जीपणा वाटत नाही. उपचार सुरू झालेले आहेत. आणि या अवस्थेत पेशंटला नातेवाइकांच्या जोरावर शेकडो किलोमीटर हलवणं मला अजिबात पटत नाही.

महाधमनीची कमान छातीत थोडी हलती असते, पण तिथून खाली उतरणारा भाग मणक्याला धरून बसलेला असतो. गाडी एकदम थांबली की या दोघांच्या सांध्यावर, डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या किंचित पुढे, सगळा ताण येतो आणि फाटतं ते बहुतेक वेळा तिथेच. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी शवविच्छेदन अभ्यासात अशी इजा झालेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक जागीच गेलेले आढळले. मामा हॉस्पिटलपर्यंत बोलत पोचले याचा अर्थ आतलं अस्तर फाटलं असलं तरी बाहेरचा थर अजून धरून आहे. टायरला फुगा आला की आपण हवा कमी करतो, तसं इथे आधी बीपी आणि नाडीचा वेग खाली आणतात. लेबेटालॉल किंवा एस्मोलॉलसारखं औषध सलाइनमधून देऊन वरचं बीपी साधारण १०० ते १२०च्या दरम्यान ठेवतात. म्हणजे ते औषध हाच तुमच्या मामांचा पहिला उपचार आहे. वेदनाशामकही तितकंच महत्त्वाचं, कारण बरगड्या दुखल्या की बीपी चढतं. (डोक्याला मार असेल तर मात्र बीपी इतकं उतरवता येत नाही, तिथे डॉक्टरांची खरी कसोटी लागते.)

मग थांबायचं का? स्टेंट टाकताना बहुधा रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यावं लागतं. प्लीहा आधीच गळत असताना ते दिलं तर पोटातला रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून जिथे जास्त रक्त जातंय ते आधी आवरायचं. पेशंट स्थिर असेल तर २४ तासांनंतर केलेल्या दुरुस्तीचे निकाल चांगले आहेत. याला अपवाद एकच, उघड फुटलेली धमनी. तिथे तासभरही थांबता येत नाही.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना 'ग्रेड कितवी?' एवढं नक्की विचारा. पहिली म्हणजे फक्त अस्तराला चीर, ती बऱ्याचदा औषधांवर भरते. दुसरीत भिंतीत रक्त साकळलेलं असतं, तिसरीत फुगा, चौथीत फूट. तिसरीला आणि चौथीला स्टेंट लागतोच, दुसरीत डॉक्टर पेशंट पाहून ठरवतात. छाती उघडायची गरज आता क्वचितच पडते. जांघेतल्या धमनीतून कापडाचं आवरण असलेला स्टेंट वर नेऊन फाटलेला भाग आतून झाकतात. तो बसवताना कधी डाव्या हाताच्या धमनीचं तोंडही झाकावं लागतं. नंतर डावा हात गार पडला, मुंग्या आल्या किंवा पाय उचलेनासे झाले, तर सिस्टरला लगेच सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही. पाठीत दोन खवाट्यांमध्ये नवीन कळ आली किंवा आवाज अचानक घोगरा झाला, तरीही तसंच.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, विशेषतः आमच्या गावाकडच्या, एक आग्रहाने सांगतो. एक्स-रेत छातीचा मधला भाग रुंद दिसला तर संशय पक्का धरावा, पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही. झाडावरून पडलेल्या एका बागायतदाराचा एक्स-रे जवळपास स्वच्छ होता. उजव्या हातात बीपी १४०, डाव्यात जेमतेम १०५. दोन्ही हातांचं बीपी घेतलं म्हणून सीटी अँजिओ (शिरेत औषध टोचून रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी) झाली, आणि इजा सापडली. जोराचा मार असेल तर ही सीटी हवीच, आणि पेशंटला न्यायचं ते १०८च्या ॲम्ब्युलन्सने, कुणाच्या जीपच्या मागच्या सीटवर नाही.

मामांना स्टेंट बसला की महिन्याभराने आणि पुढेही सांगतील तेव्हा सीटी करावी लागेल. 'बरं वाटतंय, कशाला परत गोव्याला' असं ते म्हणतील. त्यांना न्या, आणि पहिल्या सीटीची सीडी सोबत ठेवा.