थंड इंजिन

पोरी,

रविवारी तू मोबाइलवर, तुला विकत घ्यायचीय त्या दोन इंजिनांच्या जुन्या बोटीचे फोटो दाखवत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. जाताना म्हणालीस, "काका, तुम्ही होही म्हणत नाही आणि नाहीही." तोंडावर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

ठाण्यात कोलशेतहून निघून खाडीतून गायमुखापर्यंत संथ जावंसं का वाटतं, ते मला समजावू नकोस. पैशाचं आणि घरच्यांचं तुझं तू बघ. मला एकच विचारायचंय. त्या बोटीची इंजिनं तू थंड असताना पाहिलीस का?

नाही पाहिलीस. व्हिडिओत दोन्ही आधीपासूनच सुरू आहेत.

2009 मध्ये मी 32 फुटी फायबरची बोट घेतली, दोन डिझेल इंजिनांची. मालक गोड माणूस. मी पोचलो तर इंजिनं गुरगुरतायत. "साहेब, तुमच्यासाठी तापवून ठेवलीत." वर चहा. मला ते अगत्य वाटलं! गरम डिझेल इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं गं. झिजलेले लायनर म्हणजे पिस्टनच्या नळ्या, उतरलेलं कॉम्प्रेशन म्हणजे हवा दाबायची ताकद, थकलेले डिझेल फवारणारे इंजेक्टर, सगळं कळतं ते रात्रभर थंड पडल्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला. बोट घरी आणली आणि तिसऱ्या सकाळी डाव्या इंजिनाने पांढरा धूर सोडला तो थांबेचना. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं तर खालचं गॅस्केट गेलेलं आणि हेडलाच बारीक चीर. जेवढ्याला बोट घेतली त्याच्या निम्मे पैसे त्या एका इंजिनाने खाल्ले. त्या दिवशी चहाचा कप धरण्याआधी इंजिनावर तळवा टेकवला असता तर "उद्या सकाळी येतो" म्हणून उठलो तरी असतो.

तेव्हा आधी हात लाव. गरम लागलं तर परत फिर. थंड लागलं तर ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक काढ. ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, पुढे बोलायचंच नाही. मग स्टार्ट आणि डोळे धुरावर. पांढरा धूर गार इंजिनाला थोडा वेळ माफ. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाहीये. हवा कमी पडतेय, नाहीतर बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला कालवं बसून ओझं वाढलंय.

आता त्या दोन इंजिनांचं. "एक बंद पडलं तर दुसरं आहे", हे त्या बोटीच्या मालकाने तुला सांगितलंच असेल. त्याला विचार, डिझेलच्या टाक्या किती? टाकी एकच असेल आणि तिच्या तळाशी पाणी आणि शेवाळी चिकटा साचला असेल, तर दोन्ही इंजिनं एकाच दुपारी बसतील. शिवाय वसईची खाडी आणि उल्हास नदी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाली, म्हणून काही गाळ खाली गेलेला नाही. एकाच इंजिनाच्या बोटीत बहुतेक वेळा पंखा तळाच्या कण्याच्या, म्हणजे कीलच्या, आड असतो. दोनवाल्या बोटीत दोन्ही पंखे उघडे, डावी-उजवीकडे, गाळ चाटत जाणारे. त्यात कल्याणकडे जलपर्णी.

आणि दोन-दोनशे अश्वशक्ती तुला कशाला? एवढ्या बोटीला सहा नॉटने, म्हणजे ताशी अकराएक किलोमीटरने, जायला दोन्ही मिळून तीस-चाळीस पुरतात. मोठं डिझेल इंजिन तासन् तास रिकामं रांगवलं की नीट तापत नाही, आत काजळी धरतं, लायनर गुळगुळीत होऊन ऑइल प्यायला लागतं. म्हणजे नदीत हळू फिरवूनच ते मरतं. जोरात पळवायचं म्हटलं तर काठची तिवरं आहेत, कोळ्यांची जाळी आहेत.

तू म्हणशील, मग काका, तुमची बोट अजून दोन इंजिनांचीच कशी? आहे. कशेळीच्या पुलाखाली ओहोटीचा ओढ लागला की एक इंजिन पुढे, एक मागे टाकून जागच्या जागी बोट फिरवता येते, ते सुख एका पंख्यावर नाही. एकदा उजव्या इंजिनाला थंड करणारं पाणी आत घेणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली, इंजिन तापलं, तेव्हा डाव्याने घरी आणलं. हो, त्याच डाव्याने, ज्याच्यावर तुझ्या काकूने मला वर्षभर बोल लावला. मी चूक केली ती दोन इंजिनं घेण्यात नाही. गरम इंजिन पाहून सौदा करण्यात केली.

कागदांचं लांबण लावत नाही. दोन्ही इंजिनांवरचे नंबर कागदाशी ताडून बघ, अंगठ्याने गंज पुसून.

येत्या अमावास्येला आपण दोघं जाऊ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे आजोबांकडून ऐकलं असशील. अमावास्या पंधरावी तिथी, तेव्हा ती सव्वाअकराच्या आसपास. खाडीत इतक्या आत आणखी उशिरा. म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास उधाणाची ओहोटी, बोट गाळात बसलेली, तळ बराचसा उघडा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जाऊ. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर फायबर आतून सुटलंय. गाळ बाजूला करून पंखे चाचपू. कोरड्यावर इंजिन लावायचं नाही, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. नऊला पाणी चढेल तेव्हा लावू. तोवर आपण तिथेच बसलेलो, म्हणजे कोणी आधी तापवून ठेवायचा प्रश्न नाही.

आई म्हणेल, अमावास्येला कसला सौदा? तिला सांग, नुसतं पाहायला जातोय. मालकाला मात्र वेळ कळवू नकोस. साडेपाचला बाळकुम नाक्यावर थांब, टॉर्च माझ्याकडे आहे. चहा थर्मासमध्ये आणतो, त्याचा घ्यायचा नाही.

तुझा,
काका