सिनेमावर लिहायला बसतोस ना, मग एवढं कर

भो, तुझं पहिलं टिपण वाचलं. कळकळ आहे, पण अर्ध्याहून जास्त नुसती गोष्टच सांगितलीस. गोष्ट चार ओळींत आटप. तुला जे दिसलं, ते लिही.

सुरुवात आपल्या शेजारच्या मालेगावपासून कर. आधी फैजा अहमद खान यांचा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पाहा, मग रीमा कागती यांचा 2025 मध्ये थेटरात आलेला कथापट ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. माणसं तीच, गावही तेच. माहितीपटात गावातली पोरं स्वतःचा सुपरमॅनचा सिनेमा बनवतात, नि त्यात सुपरमॅन झालाय तो यंत्रमागावरचा हडकुळा कामगार. शूटिंग चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो, तेव्हा त्या पोरांचे चेहरे बघ. तिथं कुणी अभिनय करत नाहीये. कागतींचा सिनेमा मलाही आवडला, मैत्री छान उतरलीय, पण मोक्याच्या जागी संगीत आपल्याला रडायला सांगतं. माझा कौल माहितीपटाला. तुझा उलटा असला तरी बिनधास्त मांड, फक्त कोणत्या प्रसंगामुळे, ते सांग.

आणि हो, मोबाइलवर पाहू नकोस. मी एकदा धुळे-जळगाव एसटीत एक माहितीपट संपवला नि ‘संथ आहे’ म्हणून मोकळा झालो. पुढं घरी दिवे मालवून पाहिला, तेव्हा कळलं की त्यातली शांतताच मी ऐकली नव्हती. ते मत मी जाहीरपणे मागं घेतलं.

तारे देऊ नकोस. त्याच रात्री, जेवायच्या आधी, वहीत एक प्रसंग उतरवून ठेव.