काळ्या ढगाच्या पोटातला ताऱ्यांचा गुच्छ सापडतो कसा?

तुम्ही विचारलंय की ढग एवढा काळा असेल तर आतले नवे तारे शोधतात कसे, की नुसता अंदाज? अंदाज नाही हो, आणि आत बघणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकच्या मागे स्कूटर सापडली की समोर नुसता लाल धुरळा. तो जाड असतो, कुठलाच रंग सोडत नाही. ढगातली धूळ मात्र सिगरेटच्या धुरासारखी बारीक, त्यामुळे निळा प्रकाश जास्त अडतो, लाल कमी आणि इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, बऱ्यापैकी निसटतो. म्हणजे जिथनं साध्या प्रकाशाचा हजार कोटीतला एक हिस्सा कसाबसा बाहेर येतो तिथनंच २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडचा दहा-बारातला एक येतो, एवढा फरक! वृश्चिकात ज्येष्ठाच्या शेजारी ऱ्हो ओफियुकी ढग आहे, साधारण ४०० प्रकाशवर्षांवर, तिथे १९७३ साली २ मायक्रॉनला बघितलं तर आत अख्खा गुच्छ निघाला.

खरी डोकेदुखी पुढे. ढगाच्या मागचे म्हातारे तारेपण धुळीतून लालच दिसतात, मग आतला कुठला नि मागचा कुठला? एक तर शेजारच्या मोकळ्या आकाशात तेवढ्याच जागेत तारे मोजायचे आणि ढगातल्या आकड्यातून वजा करायचे, अर्थात ढग मागचे बरेच तारे झाकतो तो हिशोब धरून. दुसरं, कोवळ्या ताऱ्याभोवती गरम धुळीची चकती असते, ती स्वतःच इन्फ्रारेड फेकते, त्यामुळे नुसत्या धुळीने लाल होईल त्यापेक्षा तो जास्तच लाल निघतो. चकती विरून गेलेले यातनं सुटतात, पण तरुण तारे एक्स-रे भरपूर सोडतात, ते अवकाशातली चंद्रा ही एक्स-रे दुर्बीण पकडते.

घरी करून बघायचं तर टू-मास (2MASS) या इन्फ्रारेड आकाश-पाहणीचा डेटा फुकट आहे, १९९७ ते २००१ मध्ये ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी जे, एच, के अशा इन्फ्रारेडच्या तीन बँडमध्ये सगळं आकाश घेतलंय. मी एका जुलैत, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना म्हणून, जे-एच विरुद्ध एच-के (म्हणजे दोन बँडमधल्या तेजस्वितेतला फरक, जितका जास्त तितका तारा लाल) असा ग्राफ काढला आणि उजवीकडे लाल ठिपक्यांचा थवा बघून गुच्छ मिळाला म्हणून रात्री उशिरा मित्राला फोन केला. शेजारच्या आकाशाचा ग्राफ काढलाच नव्हता. सकाळी काढला तर तिथेही तसलेच ठिपके, निम्मे तर अंधुक ताऱ्यांच्या मापातली चूक होती. तेव्हा आधी डेटातला एरर कॉलम, म्हणजे मापात चूक किती असू शकते तो रकाना, बघा, मग फोन करा.