जोधपूरला तिथल्याच माणसांच्या जुन्या दुकानांत कुठे आणि काय खावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून पाच जण, त्यात सत्तरीचे वडील आणि दोन मुलं, डिसेंबरात तीन दिवस जोधपूरला चाललात. जेवण मोठ्या हॉटेलांत नको, तिथल्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या जागी हवं. मी पारोळ्याचा. ठिबकच्या कंपनीत असताना 2016 ते 2019 जोधपूरला होतो. दिवसभर जिऱ्याच्या आणि डाळिंबाच्या शेतांत फिरायचो, संध्याकाळी खोलीवर एकटा. स्वयंपाक येत नव्हता. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास नाइलाजानेच झाला.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिथे 'चांगलं हॉटेल' शोधू नका. आपल्याकडे शेवभाजी खायची म्हटली की एका ठिकाणी बसायचं, भाजी, भाकरी, कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा सगळं तिथेच, आणि ढेकर देऊन उठायचं. जुन्या जोधपुरात असं नाही. तिथलं दुकान एखाद-दोन पदार्थांसाठी ओळखलं जातं. मिर्चीबडा एकाकडे, लस्सी दुसऱ्याकडे, गुलाबजाम तिसऱ्याकडे. म्हणून दिवसातून एकदाच बसून जेवा, बाकीचं उभ्याने, चालत चालत, थोडं थोडं. वडिलांना दुपारी खोलीवर झोपू द्या, त्यांचंही निभेल.

मला हे कळायला पहिला आठवडा गेला. उतरलो त्याच दिवशी रिक्षावाल्याला म्हटलं, असली राजस्थानी खाना जहाँ मिले वहाँ ले चलो. त्याने नेलं एका ठिकाणी. दारात मोठ्या मिशांचा पगडीवाला, आत कठपुतळ्या, ताटात बावीस वाट्या. बाटी गार, डाळीवर साय धरलेली, आणि बिल बघून मला पारोळ्याची एसटी आठवली. रिक्षावाला बाहेर थांबलेला होता, त्याचं कमिशन घ्यायला. तेव्हापासून नियम केला: दारात पगडीवाला उभा असेल तर पुढे चालायचं.

सुरुवात घंटाघरापासून करा. महाराजा सरदारसिंहांच्या काळातला तो मनोरा आणि त्याच्याभोवतीचं सरदार मार्केट. सोजती गेटकडून नई सडक धरलीत की थेट मार्केटच्या दरवाज्याशी येता, आणि तुमच्या कामाचं बरंचसं याच रस्त्यावर आहे. नई सडकेवर जनता स्वीट होम. तिथे मिर्चीबडा. आपल्या भज्यातली मिरची डोक्यात असेल तर ती काढून टाका. ही मिरची छोट्या केळ्याएवढी जाड, फिकट हिरवी, चवीला जवळजवळ सौम्य. पोट चिरून आत बटाट्याचं आंबट-तिखट सारण ठासून भरतात, मग बेसनात बुडवून तळतात. तिखटपणा मिरचीत नसतोच, सारणात असतो. खाताना देठाकडून सुरुवात करू नका, टोकाकडून करा. देठाशी बिया राहिलेल्या असतात. लोक सकाळी नाश्त्यालाच खातात, पुष्कळदा पावाच्या दोन तुकड्यांत घालून. आपल्या जिभेला तो फार तिखट लागणार नाही. मुलांना मात्र एक दोघांत द्या, कारण तो एकच पोट भरतो.

तिथेच मावा कचोरी मिळेल. कचोरी म्हणजे तिखट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून पहिल्या घासाला फसल्यासारखं होतं. आत खवा आणि सुकामेवा, बाहेरून साखरेच्या पाकात बुडवलेली. मला एक कधी संपली नाही. तुमच्या घरात लग्नात जिलबीच्या पंगतीला उठायचं नाव न घेणारं कोणी असेल, तर त्याच्यासाठी.

दरवाज्याजवळच शाही समोसा म्हणून दुकान आहे. समोसा बरा आहे. आणि दरवाज्याला लागून श्री मिश्रीलाल हॉटेल, 1927 सालचं. नाव हॉटेल असलं तरी तुम्ही तिथे एकाच गोष्टीसाठी जायचं, माखनिया लस्सी. इथे जरा थांबतो, कारण पारोळ्यातल्या दहा जणांना मी ती समजावून सांगितली आणि दहाही जणांनी 'म्हणजे आपलं श्रीखंडच ना' असं म्हटलं. श्रीखंड नव्हे. पण ताकाच्या बाजूची तर मुळीच नव्हे. ग्लास पुढे येतो तो पिवळसर, केशराचा रंग, वेलची, आणि वर लोण्याचा गोळा. ग्लास वाकडा केला तरी सांडत नाही, चमच्याने खावी लागते. दही आंबट नसतं. खाताना मध्येच लोणी लागतं, तेव्हा आपल्याला वाटतं हे चुकून पडलं असावं. तिसऱ्या चमच्याला कळतं की सगळा खेळ त्याचाच आहे. एक ग्लास दोघांत घ्या. मी पहिल्या दिवशी एकट्याने दोन घेतले आणि संध्याकाळी जेवलो नाही. डिसेंबरात सकाळी गारठा असतो, म्हणून वडिलांना ऊन चढल्यावर न्या.

मुलांनी तिसऱ्या दिवशी 'आता नको ते तूप' म्हटलं (म्हणतीलच), तर मार्केटच्या उत्तरेकडच्या दरवाज्याशी ऑम्लेटवाले आहेत. परदेशी प्रवाशांच्या पुस्तकांत गाजलेली जागा. नावावरून वाद आहे, मूळ कोण नि नक्कल कोण. माझ्या जिभेला फरक कळला नाही. अंडं आहे, पाव आहे, मुलं खुश.

बसून जेवायचं तर सरदारपुऱ्यात जिप्सी. शाकाहारी थाळी, वाढणारे फिरत राहतात, नको म्हणेपर्यंत थांबत नाहीत. शहरातली कुटुंबं तिथे रविवारी जेवायला येतात, मला तेवढी खूण पुरे होती. तिथे केर-सांगरी आणि गट्टे मागून घ्या. गट्टे म्हणजे आपल्या पाटोड्यांचे चुलतभाऊ: बेसनाचे रोल उकडून, काप करून, दह्याच्या रश्शात. काळा मसाला नाही, खोबरं नाही, म्हणून पहिल्यांदा फिकट वाटतात. आणि सेव-टमाटर दिसली की हुरळून जाऊ नका. शेव आहे म्हणून ती शेवभाजी होत नाही. ती आंबट-गोड असते. मी एकदा वाढणाऱ्याला विचारलं, तर्री नाही का यात? त्याने आत जाऊन तूप आणलं.

केर-सांगरीबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो, कारण वाळवंट ताटात दिसतं ते तिथेच. जोधपूरला वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. हिरवी भाजी बारा महिने येणार कुठून? म्हणून जे झुडुपाला लागतं ते वाळवून ठेवायचं. केर हे काटेरी झुडपाचं बारीक फळ, कच्चं कडू. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. आपण तिची शेंग खात नाही, ते त्यावर दुष्काळ काढतात. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून तीनशेबासष्ट बिश्नोई पंथाच्या माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. गाडी असेल तर अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, आणि ते बघून आल्यावर ती भाजी वेगळी लागते.

आपल्या बिबड्यांसारखं (ज्वारीच्या वाळवलेल्या पापडांसारखं) त्यांचं राबोडी: मक्याचं पीठ ताकात शिजवून उन्हात वाळवायचं आणि पावसाळ्यात त्याची भाजी. हॉटेलात क्वचितच मिळते. जिथे मिळेल तिथे घ्या आणि ती करणाऱ्या घराला दोन शब्द चांगले बोला. बाजरीच्या भाकरीला ते सोगरा म्हणतात; आपल्यापेक्षा जाड, मध्ये बोटाने खड्डे करून त्यात तूप. हिवाळ्यात ओल्या हळदीची भाजीही निघते, तुपात परतलेली, भरपूर. तुम्ही बरोबर मोसमात जाताय. हळदीची भाजी म्हटल्यावर घरात नाकं मुरडली जातील, पण चव घ्या.

आता बाटी. यावर खान्देशी माणसाने बोलायलाच हवं. आपली बट्टी म्हणजे जाडसर गव्हाच्या पिठाची, ओव्याची, वाफवून कापलेली आणि मग तळलेली. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. भंडाऱ्यात पत्रावळीवर चुरून, वरून तुपाची धार. त्यांची बाटी गोल, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली, तळणं नाही. जोधपूरजवळच्या ओसियां गावाच्या बाजूला एका जिरेवाल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मी ती पहिल्यांदा नीट बघितली. त्याने निखाऱ्यातून बाटी काढली, फडक्यात धरून दोन्ही हातांनी दाबली, ती फुलासारखी उकलली, राख झटकली आणि सरळ तुपाच्या भांड्यात बुडवली. बुडबुडे येईनात तोवर बाहेर काढली नाही. मग म्हणाला, "खाओ सा." मी सवयीने ती वरणात कुस्करायला घेतली, तर हसला, डाळ वेगळी, बाटी वेगळी, घासागणिक. फोटो घरी पाठवला. मायने फोन करून विचारलं, "हाई काय शे रे, बट्टी जळनी का?"

शहरात ती चव पूर्ण मिळत नाही. तरी दाल-बाटी खायची तर जिथे बाटी तुमच्या समोर फोडून देतात तिथे खा. आधीच तुपात भिजत ठेवलेली असेल तर ती सकाळची आहे.

वडिलांना मटण लागतं असं तुम्ही शेवटी कंसात लिहिलंय. कंसात कशाला, आपण खान्देशातले. स्टेशनजवळ कलिंगा आहे, जुनं. तिथे लाल मांस मागवा. रंगावरून घाबरू नका आणि आपल्या काळ्या रश्शाची वाटही बघू नका. भाजलेलं खोबरं नाही, जाळलेला कांदा नाही. दही, लसूण, तूप आणि लाल मिरची, बस. ती मिरची मथानियाची म्हणतात. ओसियांच्या रस्त्यावर ते गाव लागतं. रंग गडद, तिखटपणा जिभेवर न बसता घशाशी जाणवतो. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर उभं राहून ज्याच्या नाकातून पाणी आलं असेल त्याला ती सोसेल. बाजारात मथानियाच्या नावाने पाकिटातली पूड विकतात, ती घेऊ नका. घ्यायची तर अख्खी मिरची, देठासकट, आणि एक तोडून वास घेऊन.

तूरजीच्या झालऱ्याभोवती गच्चीवरची कॅफे झाली आहेत. झालरा बघा, 1740 च्या दशकातली पायऱ्यांची विहीर आहे, सुंदर आहे. चहा प्या. जेवायला नको. गुलाबजामची भाजी कुठे दिसली तर एकच मागवा पाच जणांत, बिनसाखरेच्या खव्याचे गोळे रश्शात सोडलेले असतात. मला आवडली, बायकोला अजिबात नाही.

पदार्थांचे माझ्या वेळचे भाव सांगून उपयोग नाही. विचारून घ्या, लाजू नका.

येताना घरी न्यायचं तर मिठाई नको, वाटेत खराब होईल. सुकी सांगरी घ्या, घंटाघरामागच्या किराण्याच्या गल्लीत. पारोळ्यातल्या आमच्या किराणा दुकानदाराचे पणजोबा मारवाडातून आलेले. ते स्वतः कधी जोधपूरला गेले नाहीत, पण मी सुट्टीला निघालो की फोन यायचाच, भाऊ, सांगरी पावशेर. बारीक आणि गडद तपकिरी शेंग घ्या, जाड आणि पिवळी जून असते. केर वेगळे घेतलेत तर मिठाच्या ताकात दोन-तीन दिवस ठेवा, कडवटपणा जातो. सांगरी रात्रभर पाण्यात, सकाळी उकळून ते पाणी टाकून द्यायचं, मग तेलात लाल मिरची, धने, आमचूर आणि मीठ. तिथे एवढंच घालतात. आमच्या घरी पहिल्यांदा केली तेव्हा मी शेतातून येईपर्यंत मायने त्यात काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट टाकून रस्सा केला होता. दुकानदार काकांना वाटीभर पाठवला. त्यांनी वाटी धुऊन परत पाठवली आणि पुढच्या वेळी नुसती सांगरीच पाठवा म्हणून निरोप दिला.